मोटारबोटीची नियमित देखभाल

छत्तीसगडमधील भिलाई शहर पोलाद कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. या कारखान्याच्या वतीने १९७२ मध्ये उभारण्यात आलेल्या मैत्री बागेतील तलावात नौकाविहाराची सोय आहे. कारखान्याला पाणी पुरवणारे गंगरेल धरण धमतरी जिल्ह्यात महानदीवर असून, त्याच्या जलाशयात पर्यटकांसाठी मोटारबोटी चालवल्या जातात.

गोड्या पाण्यात लोखंड सावकाश गंजते. त्यामुळे अशा बोटींना फारशी देखभाल लागत नाही, असा समज आढळतो. प्रत्यक्षात गाळ, पाणवनस्पती आणि दीर्घकाळ बंद राहणे यांमुळेही इंजिन निकामी होते.

बोटीच्या मागील बाजूस बसवलेली बहुतेक इंजिने जलाशयाचेच पाणी खेचून थंड राखली जातात. इंजिन सुरू होताच त्यातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. ही धार क्षीण झाल्यास इंजिन त्वरित बंद करून पाणी घेण्याची जाळी साफ करावी लागते. पंपातील रबरी चक्र कोरडे फिरल्यास अल्पावधीत खराब होते. म्हणून जमिनीवर चाचणी घेताना पाण्याची नळी जोडणे आवश्यक असते.

चार-स्ट्रोक इंजिनाचे तेल व तेलाचा फिल्टर साधारणपणे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलले जातात. गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे. पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेलेला मासेमारीचा दोरा हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते. बोट अनेक आठवडे उभी राहिल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचू शकते आणि भर जलाशयात इंजिन बंद पडते. त्यामुळे पावसाळ्यात बोट बंद ठेवण्यापूर्वी इंधनाची व्यवस्था लावणे आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर तपासणे महत्त्वाचे ठरते.

इंजिनाचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून त्यावर स्वतः झिजणारे धातूचे तुकडे बसवलेले असतात. समुद्रात जस्ताचे, तर गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे तुकडे उपयुक्त ठरतात. किनारपट्टीवरून आणलेल्या बोटीत हा बदल करावा लागतो. निम्मा झिजलेला तुकडा बदलावा.

प्रत्येक फेरीपूर्वी तळाचे बूच, पाणी उपसण्याचा पंप, बॅटरी, अग्निशामक आणि जीवरक्षक जाकिटे तपासणे अपेक्षित असते. चालक खाली पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या अंगाला जोडलेली असावी.

वडोदरा येथील हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये यंत्रचलित जलयानांची नोंदणी व तपासणी यांची तरतूद आहे. मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळात दररोजची पाहणी आणि तिची वहीत नोंद ही जबाबदारी बोट चालवणाऱ्यांचीच असते.