संगीतोपचार-संशोधन : आखणी आणि निधी

संगीताने आजाराची लक्षणे कमी होतात का, गेलेली क्षमता परत येते का, हे चाचण्या घेऊन तपासणारी अभ्यासशाखा. प्रशिक्षित उपचारकाने रुग्णासोबत गात-वाजवत घेतलेली सत्रे वेगळी आणि खाटेवर पडून गाणी ऐकणे वेगळे. दोन्हींची सरमिसळ झाली की निष्कर्ष कशाला लागू करायचा तेच कळत नाही.

आखणीत खरी अडचण येते ती तुलनेच्या गटाची. औषधाच्या चाचणीत हुबेहूब दिसणारी निरौषधी गोळी देता येते. गाण्याच्या बाबतीत आपण कोणत्या गटात आहोत ते रुग्णाला कळतेच. म्हणून निदान मोजमाप करणाऱ्याला तरी ते कळू देत नाहीत. हेलसिंकीतील चाचणीने (प्रसिद्धी २००८) यावर चांगली तोड काढली. पक्षाघाताच्या ६० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट केले. एका गटाने रोज किमान तासभर आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्याने ध्वनिपुस्तके, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. ध्वनिपुस्तकांमुळे नुसते मन रमण्याचा परिणाम वेगळा काढता आला. शाब्दिक स्मृती आणि अवधान यांत संगीताचा गट इतर दोघांच्या पुढे गेला.

उलट उदाहरण ‘मोझार्ट परिणामा’चे. १९९३ मधला मूळ प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा. मोझार्टचे संगीत ऐकल्यावर अवकाशीय तर्कशक्तीत आढळलेला फायदा १०-१५ मिनिटांत ओसरला. त्यात ना तान्ही बाळे होती, ना रुग्ण. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी नवजात बाळांना अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुराव्याच्या आधी पैसा धावतो तो असा.

रागाचे किंवा सोनाटाचे पेटंट मिळत नाही, त्यामुळे औषध कंपन्यांना या चाचण्यांत फारसे स्वारस्य नाही. भार सार्वजनिक निधीवर पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) ‘साउंड हेल्थ’ उपक्रमातून २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी २ कोटी डॉलर जाहीर केले. केनेडी सेंटर आणि गायिका रेने फ्लेमिंग यांचा त्यात सहभाग होता. काही अनुदाने दोन टप्प्यांची होती : आधी संगीताचा परिणाम कोणत्या मार्गाने होतो ते दाखवायचे, ठरलेले टप्पे गाठले तरच पुढचा हप्ता. ही अट योग्यच म्हणावी लागेल.

मोठ्या चाचणीचे उत्तर नेहमी मनासारखे येत नाही. नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवरील चाचणीत (२०१७) पाच महिन्यांनंतर, संगीतोपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. वापरलेली मोजपट्टी मुळात निदानासाठी बनवलेली होती, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. मोजपट्टीची निवड पैसे खर्च होण्याआधी करायची असते.

भारतात अमुक राग रक्तदाबावर, तमुक निद्रानाशावर अशी कोष्टके सर्रास फिरतात. चाचणीच्या आराखड्यात त्यांचा उपयोग नाही. शेरी रॉब आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अहवाल-निकषांनुसार संगीत कोणी निवडले, ते प्रत्यक्ष की ध्वनिमुद्रित, कशावरून ऐकवले, किती वेळ, किती वेळा, कोणी आणि कुठे, हे सारे नोंदवावे लागते. नुसते ‘यमन ऐकवला’ एवढ्यावर दुसऱ्या कोणाला तोच प्रयोग पुन्हा करता येणार नाही.