मोडक्या खाटेचे मचाण

ग्वाल्हेरहून शिवपुरीला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी जॉर्ज कॅसल पाहिलेला असतो. १९११ साली पंचम जॉर्ज हिंदुस्थानात येणार म्हणून माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत टेकडीच्या माथ्यावर तो बांधला गेला आणि बादशहा तेथे मुक्कामाला आलेच नाहीत, ही गोष्ट वाटाडे चवीने सांगतात. खाली सख्यासागराच्या परिसरात पक्क्या बांधणीची शूटिंग बॉक्स आहे. संस्थानी शिकारीचा विषय निघाला की याच वास्तू डोळ्यांपुढे येतात, कारण त्या टिकल्या. मध्य हिंदुस्थानातल्या गावोगावच्या शिकारीचा खरा आडोसा मात्र टिकण्यासाठी बांधलेलाच नव्हता. झाडाच्या बेचक्यात सुंभाने आवळलेली एक जुनी खाट, भोवती चार डहाळ्या, आणि काम झाले की खाट पुन्हा ओसरीवर.

शब्दापासूनच सुरुवात करू. संस्कृतातला ‘मंच’ आपल्याकडे किती रूपांनी वावरतो पाहा. बसण्या-निजण्याचा तो माचा, गडाच्या बालेकिल्ल्याखालची सपाटी ती माची, आणि माळव्यातल्या मंडळींना सांगायला नकोच, उंच रंगमंचावर रात्रभर चालणारे लोकनाट्य तो माच. मचाण याच कुळातले. म्हणजे माचा झाडावर चढला की मचाण झाले, असे म्हटले तर शब्दाशी आणि वस्तूशीही फारशी प्रतारणा होत नाही.

राजेलोकांच्या मृगयेचे वर्णन जुन्या ग्रंथांत मिळते. शके १०५१ च्या सुमाराचा चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’, ज्यात मराठी ओळी सापडतात म्हणून आपण त्याला आपला मानतो, मृगयेला राजाच्या विनोदांत जागा देतो. पण मचाणाचा जन्म विनोदातून झाला असे मला वाटत नाही. त्याचे मूळ शेतातल्या माळ्यात शोधावे. चार बेचकी मेढी रोवायच्या, वर आडव्या काठ्या, त्यावर तुराट्या किंवा कडबा, आणि दाणा भरू लागला की दिवसा पाखरांवर गोफण चालवायची, रात्री डुकरांवर हाकाट्या. या माळ्यासाठी नवे लाकूड कोणी तोडत नसे. मोडक्या गाडीचे जू, पडक्या घराचा वासा, फाटके गोणपाट, विहिरीवरून काढलेला झिजका नाडा, हेच त्याचे सामान. शिकाऱ्याने उसना घेतला तो हा माळा.

टाकाऊ सामान वापरणे हे केवळ गरिबीचे लक्षण, असा आपला समज असतो. मचाणाच्या बाबतीत तो पुरता खरा नाही. वाघाने गारा केला, म्हणजे जनावर मारले, की तो बहुधा जवळच झाडोऱ्यात पडून असतो आणि संध्याकाळी उरलेले खायला परततो. अशा वेळी तेथे कुऱ्हाड चालवली तर त्या आवाजाने शिकार संपलीच. शिवाय ताज्या तोडीची पांढरी खूण आणि खाली पडलेल्या ढलप्या लपत नाहीत. ओला वासा सुकताना करकरतो. खाट मात्र तयार असते. दोन माणसे ती डोक्यावर आणतात, तिसरा वर चढून दोर सोडतो आणि थोडक्या वेळात, न बोलता, काम होते. वर्षानुवर्षे निजून तिचे सांधे बसलेले असतात, लाकूड काळवंडलेले असते. काही जण खाट उलटी बांधत, म्हणजे वर आलेल्या चार खुरांना आडोशाच्या काठ्या बांधता येत.

बांधायची ती दोरीने, खिळ्याने नव्हे. झाड वाऱ्यावर हलते. खिळा त्याच्याशी भांडतो आणि बोलतो, दोरी त्याच्याबरोबर हलते. डहाळ्या शक्यतो त्याच झाडाच्या किंवा शेजारच्या, कारण पळसावर सागाचे पान दिसले तर ते डोळ्यांत भरते; आणि पाने कोमेजली की बदलायची. उंची साधारण बारा-पंधरा फूट. वाघ सहसा वर पाहत नाही, पण आवाज झाला तर पाहतो, म्हणून खाली जुने गोणपाट किंवा घोंगडी अंथरायची. आता या ज्ञानातले किती बंदूकवाल्याचे आणि किती खाट वाहून आणणाऱ्याचे, हा प्रश्न इतिहासाने विचारायला हवा.

तो फारसा विचारला गेलेला नाही. स्वतः माधवरावांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शिका लिहिली. संस्थानिकाने आपल्या छंदाकडे इतक्या पद्धतशीर नजरेने पाहावे हे कौतुकाचे आहे. पण झाड निवडणारा सहरिया, हाक्यात डबे वाजवत चालणारा शेतमजूर, वेठीला धरलेला गाडीवान यांनी काही लिहिले नाही. आपल्या जुन्या घरांतल्या भिंतींवर मेलेल्या वाघावर पाय ठेवलेल्या पूर्वजांची छायाचित्रे असतात. मागे पागोटी घातलेली दहा-बारा माणसे उभी दिसतात. छायाचित्राच्या पाठीवर साहेबाचे नाव, तारीख, वाघाची लांबी फूट-इंचांत. त्या दहा-बारांपैकी एकाचेही नाव सहसा नसते. ज्या घरांत अजून ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत, तेथे ही नावे विचारून घेण्याला फार वेळ उरलेला नाही.

या गोष्टीला दुसरी, कडवट बाजू आहे. शिकारीसाठी राखलेल्या रानाचा भार शेजारच्या पिकावर पडे. राजपुतान्यात, विशेषतः अलवर संस्थानात, रानडुकरे पीक फस्त करतात आणि त्यांना मारायची मात्र बंदी, ही १९२० च्या आगेमागे शेतकऱ्यांची मोठी तक्रार होती. म्हणजे एकाच रानाच्या कडेला दोन मचाणे: एकावर बंदूक घेऊन पाहुणा, दुसऱ्यावर नुसता पत्र्याचा डबा घेऊन कुणबी.

बडोदा आणि कोल्हापूरच्या दरबारांनी आडोसा चाकांवर चढवला होता. चित्त्याकरवी काळवीट मारताना चित्ता बैलगाडीतून नेत. काळविटांना शेतकऱ्याच्या गाडीची सवय असल्याने ती जवळ येऊ देत. तेथेही सोंग घेतले ते शेतकऱ्याचेच. पुढे इथला चित्ता इतका विरळ झाला की दरबारांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीचे मचाण संपले. शिवपुरीचे रान १९५८ पासून राष्ट्रीय उद्यान होते. वाघ तेथून नाहीसा झाला, २०२३ मध्ये बाहेरून आणून सोडला गेला, आणि २०२५ मध्ये माधव हा व्याघ्र प्रकल्प ठरला. महाराष्ट्रात वन खाते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधते आणि हौशी माणसे कागद-पेन्सिल घेऊन पहाटेपर्यंत जनावरे मोजतात. त्यांना सांगितले जाते ते जुनेच: वास येईल असे काही लावू नका, बोलू नका, हलू नका. आणि रानाच्या कडेच्या शेतात नीलगाय व डुकरांसाठी जागणारा माणूस अजूनही माळ्यावर चढतो, घरातली जी खाट सर्वांत जुनी असेल ती घेऊन.