वरदेचे दोन काठ

दोन शेजारी देशांची तुलना करावयाची म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्स-जर्मनी किंवा हिंदुस्थान-ब्रह्मदेश अशा जोड्या उभ्या राहतात. शाळेतील भूगोलाने लावलेली ही सवय. सीमा, क्षेत्रफळ, हवामान, लोकसंख्या, मुख्य पिके एवढी कोष्टके पाठ झाली की तुलना संपली. वडनेरच्या माणसाला मात्र यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. हिंगणघाटाहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव आहे. गाव सोडून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर वर्धा नदी आडवी येते. पूल ओलांडला की वडकी, आणि वडकी म्हणजे यवतमाळ जिल्हा. जुन्या माणसांच्या भाषेत वऱ्हाड. लग्नाला पलीकडे निघालेली मंडळी वऱ्हाड घेऊन वऱ्हाडात जात, हा विनोद आमच्याकडे इतका जुना आहे की त्यावर आता कोणी हसतही नाही.

ही नदी सीमा केव्हा झाली? कालिदासाला विचारले तर तो फार मागे नेईल. मालविकाग्निमित्र नाटकाच्या शेवटी अग्निमित्र राजा विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या दोन चुलतभावांत वाटून देतो. एकाने वरदेच्या उत्तर तीरावर राज्य करावयाचे, दुसऱ्याने दक्षिण तीरावर. वरदा म्हणजेच आपली वर्धा. नाटकातील वाटणीला इतिहासाचा पुरावा मानण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु हा देश दोघांत वाटावयाचा तर नदीच मध्ये घालावी, ही कल्पना किती जुनी आहे हे त्यावरून कळते. याच्या नेमके उलट आईन-इ-अकबरीत दिसते. अबुल फजल म्हणतो की वऱ्हाडचे मूळ नाव वरदातट, म्हणजे वरदेचा काठ. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना पटो न पटो, ती सांगणाऱ्याच्या मनात नदी देश तोडणारी नव्हती, देशाला नाव देणारी होती.

खरी सीमा आखली ती 1803 साली. असई, अडगाव आणि गाविलगड येथे एकामागून एक पराभव झाल्यावर दुसऱ्या रघुजी भोसल्याने 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावचा तह केला. कटक तर गेलेच, शिवाय वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही गेला, आणि तो इंग्रजांनी निजामाच्या पदरात टाकला. 1822 च्या तहाने हीच नदी निजामाच्या राज्याची पूर्व सीमा म्हणून कायम झाली. तहनाम्यात ‘पश्चिम’ असे लिहिलेले असले तरी वडनेराजवळ नदी आग्नेयेकडे वाहते, म्हणून वडनेरकराला निजामाचे राज्य दक्षिणेस दिसू लागले. तत्पूर्वी वऱ्हाडात भोसले आणि निजाम या दोघांचा दोअमल होता. एकाच गावच्या वसुलात दोघांचे वाटे असत. त्या घोटाळ्यापेक्षा स्वच्छ सीमा बरी, असे कोणी म्हणेल. पण आजवर ज्या गावाशी रोटी-बेटी होती ते एका कागदाने परराज्यात गेले, ही गोष्ट कोणत्याही तहनाम्यात नोंदलेली नसते.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. वऱ्हाड गमावल्यानंतरही नागपूरकर भोसल्यांना इंग्रजी कागदपत्रांत ‘वऱ्हाडचे राजे’ म्हणत राहिले. पुढे 1936 साली निजामाच्या युवराजाला ‘वऱ्हाडचे युवराज’ असा किताब मिळाला, तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालत होता. या मुलखाचे नाव नेहमी अशाच्या अंगावर चढले, ज्याच्या हाती तो मुलूख नव्हता.

मे 1853 मध्ये कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आले. त्याच वर्षी डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले व 1854 त नागपूरचे राज्य खालसा झाले. म्हणजे वर्षाच्या आत दोन्ही काठांवर एकच मालक आला. आता तरी नदी नुसती नदी राहावयास हवी होती. तसे झाले नाही, आणि माझ्या मते या सबंध इतिहासात रयतेच्या दृष्टीने महत्त्वाचे काही घडले असेल तर ते येथे. वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाकडे राहिले व तेथे मुंबई इलाख्याची रयतवारी आली: शेत मोजले, नंबर दिला, ज्याच्या नावाचे खाते त्याने थेट सरकारात सारा भरावा. इकडे 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि पंजाबात मुरलेले रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त होऊन आले. उत्तरेकडील वळणाची जमाबंदी झाली. भोसल्यांच्या अमदानीत जो पाटील गावचा वसूल करून देणारा होता, तो गावचा मालक, मालगुजार, ठरला. कसणारा त्याचे कूळ झाला. मौरुसी कुळाला काही संरक्षण होते, हे खरे. तरी नदीच्या एका काठी शेतकऱ्याचा संबंध तहसिलीशी आणि दुसऱ्या काठी गढीशी, हा फरक लहान नव्हे. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले तरी हा भेद मिटला नाही. मालगुजारी गेली ती 1950 च्या कायद्याने, आणि दोन्ही काठांना एकच महसूल कायदा मिळाला तो 1954 साली. देवगावच्या तहाला तोवर दीडशे वर्षे होऊन गेली होती.

आता शाळेतल्या कोष्टकाकडे वळू. दोन्ही काठांची माती तीच, ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची झालेली काळी. पीक तेच, कापूस आणि ज्वारी. वैशाखातला ताव तोच. हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाजला, आणि त्यावर देखरेख करावयास इंग्रजांनी रिव्हेट-कार्नाक यांस नेमले ते मध्यप्रांत आणि वऱ्हाड या दोन्हींचे मिळून कापूस आयुक्त म्हणून. जमिनीला दोन कायदे होते. बोंडाला मात्र एकच साहेब पुरला.

पाऊस सांगावयाचा तर अकोल्याकडे 30 इंचांच्या थोडा वर, वर्धेस 40 च्या आसपास, चंद्रपुरास 50 च्या सुमारास. तो पूर्वेकडे हळूहळू चढत जातो. नदीपाशी एकदम काही बदलत नाही. बदलते ते पुढे. हिंगणघाटाहून वरोऱ्यास जावे, तेथून चिमूर-नागभीडकडे. काळा खडक संपतो, वाळूचा खडक आणि कोळसा लागतो, मग जुना कणखर पाषाण. कपाशी विरळ होते, वावराच्या जागी धानाच्या बांध्या येतात, कोहळ्यांनी बांधलेले तलाव दिसू लागतात, ताटातली भाकर जाऊन भात येतो. बोलीही वळते. हीच झाडी. दोन देश शेजारी शेजारी कोठे असतील तर ते येथे आहेत.

हे नुसते प्रवाशाच्या डोळ्यांना दिसते असे नाही. 1901 च्या शिरगणतीत वर्धा जिल्ह्यात दर चौरस मैलास 158 माणसे होती, सबंध वऱ्हाडात 155. चांदा जिल्ह्यात अवघी 59. त्या आधीच्या दहा वर्षांत दोन दुष्काळ येऊन गेले होते, 1896-97 चा आणि 1899-1900 चा. वर्धा जिल्ह्याची वस्ती 4,00,854 वरून 3,85,103 वर आली, म्हणजे शेकडा 4 घटली. वऱ्हाडची 28,97,491 वरून 27,54,016 झाली, शेकडा 5. चांद्याची जवळजवळ सात लाखांवरून सहा लाखांवर उतरली, शेकडा 14 च्या घरात. ज्वारीवर जगणारे कसेबसे तगले, धानावर जगणाऱ्यांचे हाल झाले. मालगुजाराचे कूळ असो की वऱ्हाडचा खातेदार, त्या दुष्काळाने वर्धेच्या दोन्ही काठांना जवळपास सारखेच मोजले आणि झाडीला वेगळे मोजले. हे आकडे वाचताना मला देवगावच्या तहाचे फार हसू येत नाही, कारण ती एका चौरस मैलातली 158 माणसे आमचीच कोणी होती.

2011 च्या गणनेत वर्धा जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 206 माणसे आढळली, यवतमाळात 204. जुन्या चांद्याचे 1982 मध्ये दोन जिल्हे झाले. चंद्रपुरात 193 निघाली आणि गडचिरोलीत 74. वरोऱ्याची काळी जमीन, कोळशाच्या खाणी आणि कारखाने चंद्रपुराच्या वाट्यास राहिले, रान गडचिरोलीच्या. चंद्रपूर आमच्याजवळ सरकले ते असे.

इतिहासकारांनीही नदी पाळली. यादव माधव काळे यांनी 1924 मध्ये वऱ्हाडचा इतिहास लिहिला आणि 1934 मध्ये नागपूर प्रांताचा. लेखक एक, ग्रंथ दोन. 1955 साली राज्य पुनर्रचना आयोगाने आठही मराठी जिल्ह्यांचा मिळून विदर्भ सुचवला, 1960 साली ते महाराष्ट्रात आले. तरी वडनेरच्या माणसाचे आयुक्त नागपुरास बसतात आणि वडकीच्या माणसाचे अमरावतीस. रघुजीने सही केली ती रेघ महसूल विभागांच्या नकाशावर अजून बव्हंशी तशीच आहे. झाडीची रेघ अशी कोणीच आखली नव्हती. 2011 साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी नागपूर विद्यापीठापासून वेगळे गोंडवाना विद्यापीठ निघाले, तेव्हा ती पहिल्यांदा कागदावर थोडीशी उमटली. वर्धा जिल्हा मात्र नागपूर विद्यापीठातच राहिला आणि पुलापलीकडचे यवतमाळ अमरावतीच्या.