खांदा कोणाचा, भार कोणाचा?

मृताविषयीच्या कर्तव्यांची मराठीतील क्रियापदे पाहिली, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. खांदा देणे, अग्नी देणे, मूठमाती देणे, पाणी देणे, तिलांजली देणे: ही सारी 'देण्याची' क्रियापदे आहेत. मृताकडून परतफेड होणार नाही, हे ठाऊक असूनही ज्या देण्यात माणूस मागे राहत नाही, ते हे देणे. परंतु याच भाषेने मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्यांसाठीही एक वाक्प्रचार करून ठेवला आहे. मरणाच्या घरी कोणी देतो आणि कोणी घेतो, हे आपल्या पूर्वजांना चांगलेच ठाऊक होते.

गरिबाचे मर्तिक सन्मानाने आणि परवडेल अशा खर्चात कसे व्हावे, हा प्रश्न आज आपण धर्मादाय संस्था, नगरपालिका किंवा समाजसेवक यांच्या संदर्भात विचारतो. आमच्या मते तो इतिहासाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात अंत्यविधी एके काळी खरोखरच स्वस्त होता. तो स्वस्त का होता आणि त्याची किंमत कोण मोजत होते, हे पाहिल्यावाचून आजच्या प्रश्नाची मांडणी पुरी होत नाही. या विचारासाठी आम्ही सोलापूर निवडले आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणाऱ्यांचे हे शहर. येथे दहन आहे तसे दफन आहे, लिंगायतांची बैठी समाधी आहे, आणि गिरणीच्या भोंग्यावर जगलेल्या कष्टकऱ्यांच्या काही पिढ्या आहेत.

प्रारंभ शहरापासून नव्हे, जिल्ह्यातील मंगळवेढ्यापासून करावा लागेल. परंपरा सांगते की, इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. पुढे नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातील अनेक मजुरांच्या अस्थींतून चोखोबांच्या अस्थी ओळखायच्या कशा? ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. त्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधण्यात आली.

ही कथा आपण भक्तीचा चमत्कार म्हणून वाचतो. मर्तिकाचा इतिहास म्हणून वाचली, तर तिच्यातील तपशील वेगळे बोलू लागतात. मरणारा वेठीचा मजूर आहे. त्याचे प्रेत वेळेवर उचलले गेलेले नाही. नामदेवांच्या हाती लागतात त्या अस्थी. त्या वेचायला येणारा चोखोबांच्या जातीचा नाही, तो शिंपी आहे. ज्या काळी मृताला शिवण्याचा अधिकार आणि सक्ती या दोन्ही गोष्टी जातीने ठरत, त्या काळी नामदेवांचे हे जाणे स्वेच्छेचे होते. आणि तरीही आम्हाला एक प्रश्न चुकवता येत नाही: त्याच भिंतीखाली मेलेल्या ज्या मजुरांच्या अस्थींतून कोणताही ध्वनी आला नाही, त्यांचे काय झाले? कथा त्याविषयी काही सांगत नाही. सन्मानाची समाधी संताला मिळाली; तीही महाद्वाराच्या बाहेर. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले.

आता गावगाड्यातील मर्तिक पाहू. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथामुळे बलुतेदारीची रचना अभ्यासकांच्या परिचयाची आहे. घरात मृत्यू झाला की, कुंभाराने मडके द्यायचे, न्हाव्याने क्षौर करायचे, परटाने कपडे धुवायचे. महाराने परगावच्या सोयऱ्यांना मरणाची खबर पोचवायची, सरणासाठी लाकडे आणायची आणि त्याबदल्यात प्रेतावरचे वस्त्र घ्यायचे. रोख पैसा फारसा लागत नसे. शोकात बुडालेल्या कुटुंबाला कशाची धावाधाव करावी लागत नसे, कारण जो तो आपल्या कामाला लागलेला असे. एखाद्याला ही व्यवस्था करुणेची वाटेल. आजही गावाकडच्या मर्तिकाचे वर्णन करताना 'सगळा गाव धावून यायचा' असे आपण म्हणतो.

पण धावून येणाऱ्यांतील काहींना न येण्याची मुभाच नव्हती. ऊन असो, पाऊस असो, मध्यरात्र असो. खबर घेऊन दहा कोस चालत जाणाऱ्या माणसाला नकार देता येत नसे, आणि ज्या घरच्या मरणासाठी तो चालत होता, त्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्याला पाऊल टाकता येत नसे. प्रेतावरचे वस्त्र हा त्याचा 'हक्क' म्हणवला जाई. मृताच्या अंगावरून उतरलेले वस्त्र जिवंताने नेसावे, याला हक्क म्हणणारी भाषा किती निर्दय असेल! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, त्यामागे ही वेठ मोडण्याची निकड होती. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट करण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे गावातील मर्तिक स्वस्त होते, कारण त्यातील श्रमाचे मोल दिले जात नव्हते. कुटुंबाचा वाचलेला खर्च दुसऱ्या कुटुंबाच्या माथी मारलेला होता.

सोलापुरात १८७७ साली सुरू झालेली गिरणी पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून विणकर, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून शेतकरी आणि शेतमजूर आले. शहरात आलेल्या माणसाची वेठ सुटली, पण त्याबरोबर मर्तिकाची जुनी व्यवस्थाही सुटली. लाकूड आता विकत घ्यायचे होते. एका सरणाला तीनशे किलोंहून अधिक लाकूड लागते, आणि सोलापूर हा काही जंगलांचा मुलूख नव्हे. त्याशिवाय बांबू, मडके, कापड, गाडी, भटजी किंवा जंगम किंवा मौलवी, दहावा, तेरावा. आठवड्याच्या उधारीवर जगणाऱ्या घरात मरण आले की, दुःखाच्या आधी पैशाची चिंता उभी राही.

हे संकट केवळ आपल्याकडचे नव्हते. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने दावेदार नसलेली गरिबांची प्रेते शरीरशास्त्राच्या विच्छेदनासाठी देण्याची सोय झाली. त्या धास्तीने तेथील कामगार आठवड्याला पेनी-दोन पेनी दफन-मंडळात भरू लागले. पोटाला चिमटा घेऊन ते आपल्या अखेरच्या दिवसाची तजवीज करीत. पुढे अमेरिकेत अंत्यविधी हा मोठा व्यवसाय झाला, आणि शोकाकुल कुटुंबाला भुलवून महागड्या शवपेट्या कशा विकल्या जातात, हे जेसिका मिटफर्ड यांनी 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' (१९६३) या पुस्तकात उघड केले. आपल्याकडे अशा व्यवसायाची जागा बराच काळ जातगंगेने आणि आळीने भरून काढली. ज्ञातीची स्मशानभूमी, ज्ञातीचा फंड, मशिदीत सर्वांसाठी ठेवलेला जनाजा, गल्लीतील वर्गणी, तालमीतील पोरांचे खांदे यांवर शहराचे मर्तिक चालले. सोलापुरात स्मशानेही ज्ञातींच्या नावांनी ओळखली जातात. हा आधार खरा होता आणि आहे. मात्र तो ज्ञातीत असणाऱ्याला मिळतो. एकट्याला, परजातीत लग्न केलेल्याला, रस्त्यावर मेलेल्याला मिळेलच असे नाही.

मर्तिकाच्या खर्चावर धर्माच्या बाजूने विचार केला तो महात्मा फुले यांनी. 'ब्राह्मणांचे कसब' (१८६९) मध्ये त्यांनी जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींतून शूद्रातिशूद्रांची लूट कशी होते, हे दाखवले. सत्यशोधकांनी पुरोहितावाचून साधे विधी रूढ करण्याचा यत्न केला. येथे एक सावधगिरी हवी. शेतकरी लग्नकार्ये आणि दिवसवारे यांच्या उधळपट्टीने कर्जबाजारी होतो, असे त्या काळचे अनेक साहेब आणि वृत्तपत्रे म्हणत. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे मत नोंदवले. त्यानंतर १८७९ साली आलेला शेतकरी कर्जनिवारण कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला, त्यांत सोलापूर होते. गरिबाला त्याच्या मर्तिकाच्या खर्चावरून उपदेश करणे सोपे असते. फुल्यांचा रोख गरिबाच्या हौसेवर नव्हता, त्याच्या दुःखातून मिळकत काढणाऱ्यांवर होता. स्वतः फुले १८९० साली वारले, तेव्हा मिठात पुरावे ही त्यांची इच्छा नगरपालिकेची परवानगी न मिळाल्याने अपुरी राहिली. अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला.

मरणातून मिळकत काढणारे सारेच धनवान नसतात, हे आपल्या कथाकारांनी अचूक ओळखले होते. प्रेमचंदांची 'कफन' ही कथा १९३५ साली प्रथम उर्दूत आली. तिच्यातील बापलेक घरातल्या सुनेच्या कफनासाठी गोळा झालेले पैसे दारूत आणि खाण्यात उडवतात. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं'मधील भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर राख चाळून प्रेतांचे सोने शोधतो. अखेर प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याचे त्याला नंतर कळते. वाचक म्हणून आपण भीमाला मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा म्हणू शकत नाही. ज्या समाजाने त्याला जगताना काही दिले नाही, त्या समाजाच्या मृतांकडून तो आपले जगणे वसूल करतो आहे. मसणजोगी या तेलुगूभाषक भटक्या समाजाचे तर नावच स्मशानावरून पडले आहे. स्मशानावर कोणाचे पोट अवलंबून आहे, हे विचारल्यावाचून मर्तिकाच्या खर्चाचा हिशेब पुरा होत नाही.

या इतिहासात शासन उशिरा आले. महाराष्ट्रातील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यात मृतांच्या अंत्यविधीच्या जागा राखणे आणि बेवारस प्रेतांची विल्हेवाट लावणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानले आहे. सोलापूरची महानगरपालिका १९६४ साली झाली. १९४९ च्याच शरीरशास्त्रविषयक कायद्याने दावेदार नसलेली प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद केली; सोलापुरात असे महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. विद्यादानासाठी देह ठेवणाऱ्याबद्दल आम्हाला आदर आहे. मात्र इच्छापत्र करून दिलेला देह आणि कोणी न्यायला आले नाही म्हणून गेलेला देह यांतील अंतर विसरता कामा नये. बेघर मृतालाही सन्मानाच्या अंत्यविधीचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केले. कायद्याच्या पुस्तकात 'विल्हेवाट' या शब्दाशेजारी 'सन्मान' हा शब्द येण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागली.

एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात करोनाचा पहिला रुग्ण आढळला तो मृत्यूनंतर. त्यानंतरच्या दिवसांत नातेवाईक दूर उभे होते, अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि खांदा द्यायला पुढे होते ते पालिकेचे आणि रुग्णालयांचे कर्मचारी व स्वयंसेवक. ज्ञाती, आळी, तालीम यांचे सारे आधार एकाएकी दूर झाले आणि शहराचे मर्तिक पुन्हा त्याच हातांवर आले, ज्यांच्यावर ते गावगाड्यात होते. फरक इतकाच की, आता तो हात पगारी होता. तो पगार कायमचा की कंत्राटी, त्या हाताला हातमोजे मिळाले की नाही, हे प्रश्न मर्तिकाच्या चर्चेत क्वचितच विचारले गेले.

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत महानगरपालिका विनामूल्य अंत्यसंस्कार करते, आणि होळीत जाळावयाच्या शेणी नागरिक स्मशानासाठी दान देतात. या उदाहरणाचे आम्हाला विशेष वाटते. येथे खर्च साऱ्या शहराने उचलला आहे. कोणा एका जातीच्या वेठीवर तो टाकलेला नाही. श्रीमंत आणि गरीब यांचे सरण एकाच ठिकाणच्या शेणींवर रचले जाते, त्यामुळे फुकट घेण्याची लाजही कोणाच्या वाट्याला येत नाही.

सोलापूरकरांना ही कल्पना परकी वाटू नये. दर संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर कुंभारकन्येचे प्रतीकात्मक दहन होते. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह झालेली ही कुंभाराची मुलगी. म्हणजे ज्या घरातून प्रत्येकाच्या अखेरच्या प्रवासाचे मडके येते, त्या घरातील. त्या सायंकाळी सारे शहर तिच्यासाठी मैदानावर जमते. तिची जात कोणती, तिचा खर्च कोणी करायचा, असे कोणी विचारत नाही. देवाच्या नवरीसाठी जे शहर इतके करते, त्याला शासकीय रुग्णालयाच्या शवागाराबाहेर पैशांची जुळवाजुळव करीत बसलेल्या कुटुंबासाठीही तेवढे करता येईल. त्यासाठी लाकूड किंवा शेणी, एक गाडी, चार खांदे आणि त्या खांद्यांना रास्त वेतन यांची तरतूद पालिकेच्या अंदाजपत्रकात करावी लागेल. आणि ती दरवर्षी केली जाते की नाही, हे नागरिकांना विचारत राहावे लागेल.