मीटर कोणाचा साक्षीदार? तारेच्या शेवटच्या टोकावरून विजेचा इतिहास

आजचा विषय आहे स्मार्ट ग्रिड आणि वीज वितरण कंपन्या. विषय नवा वाटतो, पण आम्ही तो इतिहासाच्या अंगानं मांडणार आहोत. त्यासाठी जागा निवडली आहे पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक. विनोबा भाव्यांचं हे जन्मगाव; ११ सप्टेंबर १८९५ ला ते इथे जन्मले. विजेच्या इतिहासात गागोद्याचं नाव येत नाही, आणि म्हणूनच ते निवडलं. हा इतिहास आपण नेहमी धरणांच्या आणि वीजकेंद्रांच्या बाजूनं सांगतो. आज तारेच्या दुसऱ्या टोकाकडून बघू.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. गावाला किती वीज मिळते, हा अर्धा प्रश्न झाला. वीज देणाऱ्याला गावातलं किती दिसतं, आणि गावाला त्याचा कारभार किती दिसतो, हा उरलेला अर्धा.

सुरुवात १९१५ पासून करू. विनोबा तेव्हा वीस वर्षांचे. त्या वर्षी टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. तिन्ही केंद्रं जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. भिऱ्यासाठी पाणी आलं मुळशीच्या धरणातून, ज्याच्या विरोधात मावळ्यांनी सेनापती बापटांसोबत १९२१ पासून सत्याग्रह केला. जमीन मावळातली, वीजकेंद्र कोकणातलं आणि वीज मुंबईची. तारा गावांवरून गेल्या, गावात उतरल्या नाहीत. भिऱ्याचं पाणी वीज करून झाल्यावर कुंडलिकेत सुटतं. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. म्हणजे रोह्याकडच्या या नदीला पाणी कधी चढणार, हे बऱ्याच अंशी मुंबईला वीज कधी लागते त्यावर ठरत आलं.

तार गावात उतरवण्याचं काम सरकारी मंडळानं केलं. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. पुढच्या तीस वर्षांत मंडळाच्या माणसांनी डोंगरदऱ्यांत खांब उभे केले, आणि हे काम मोठं होतं यात वाद नाही. पण ‘विद्युतीकरण झालेलं गाव’ म्हणजे काय, याची व्याख्या बघा. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असली की गाव विद्युतीकृत धरलं जाई. एका पंपावर गाव उजळलं! गावठाणापासून दूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्या अंधारात असल्या तरी कागदावर काही फरक पडत नसे. २००४ मध्ये व्याख्या बदलली आणि किमान दहा टक्के घरांत वीज हवी अशी अट आली. उरलेल्या नव्वद टक्क्यांचं काय, हे त्याही व्याख्येत नव्हतं.

आता मोजणीकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथे आहे. मंडळाला आपली वीज सबस्टेशनपर्यंत दिसायची. तिथून फीडर, फीडरवरून डीपी, डीपीवरून घरं. या शेवटच्या टप्प्यात किती वीज वाटेत तापून वाया गेली, किती आकडे टाकून गेली आणि किती बिलात आली, हे नक्की सांगता येत नसे. शेतीपंपांना तर बरेच ठिकाणी मीटरच नव्हते. अश्वशक्तीवर बिल आणि वापराचा अंदाज. हा अंदाज फार सोयीचा होता. गळती शेतीच्या नावावर टाकता येई. नव्वदच्या दशकात मंडळ आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत असे. १९९९ मध्ये वीज नियामक आयोग आला, त्याच्यापुढे उघड सुनावण्या झाल्या, पुण्याच्या प्रयास संस्थेसारख्या अभ्यासकांनी आकडे तपासले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. म्हणजे मोजमाप सुधारलं ते आधी यंत्रामुळे नाही, तर कुणीतरी जाहीरपणे हिशेब मागितला म्हणून.

२००३ चा वीज कायदा आला आणि ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी झाली. तो काळ तुम्हाला आठवत असेल: लोडशेडिंग! राज्यात चार-पाच हजार मेगावॉटचा तुटवडा. वीज कोणाची किती तास घालवायची, हे गळती आणि वसुलीवरून ठरू लागलं. भागांचे, मग फीडरचे गट पडले. ज्या फीडरवर गळती जास्त, तिथे अंधार जास्त. नियम वरवर न्यायाचा, पण बघा, नियमित बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा. कंपनीची नजर फीडरपाशी संपत होती, म्हणून शिक्षाही फीडरभर.

स्मार्ट ग्रिडनं बदलते ती ही नजर. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वापर नोंदवतो आणि मोबाइलसारख्या नेटवर्कवरून कळवतो. डीपीलाही मीटर बसतो. डीपीतून गेलेल्या विजेतून घरांची बेरीज वजा केली की गळती त्या डीपीपुरती कळते. शिवाय लाइट गेली हे फोन येण्याआधी कंपनीला समजू शकतं. आणि हो, बिल थकलं तर वायरमन न पाठवता जोडणी दुरून तोडता येते. एकच यंत्र, दोन्ही कामं.

म्हणूनच वाद पेटला. २०२१ च्या केंद्रीय योजनेखाली महावितरणनं सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरांचं काम हाती घेतलं. २०२३ मध्ये कंत्राटं दिली गेली. एका मीटरमागे खर्च सुमारे १२,००० रुपये, केंद्राचं अनुदान ९०० रुपये. उरलेला भार शेवटी कोणावर, असा प्रश्न प्रताप होगाडे यांच्यासारख्या ग्राहक चळवळीतल्या लोकांनी विचारला. मीटर रीडिंग घेणाऱ्या कंत्राटी मुलांच्या पोटाचाही प्रश्न होताच. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनं जाहीर केलं. मग तेच तंत्र पोस्टपेड रूपात ‘टीओडी मीटर’ म्हणून आलं.

टीओडी म्हणजे वेळेनुसार दर. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत आहे. यातही इतिहास आहे. पूर्वी उद्योगांना स्वस्त वीज मिळायची रात्री, कारण रात्री मागणी कमी. आता दुपारी सौर वीज भरपूर, म्हणून स्वस्त वेळ दुपारी सरकली. धाटावच्या कारखान्याला पाळ्यांचं गणित बदलावं लागतं. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर दिवसाच चालतो. पण घरगुती सवलत कारखान्याच्या जोडणीला लागू नसते, आणि दिवसभर शेतावर असणारं घर दुपारी वीज वापरणार तरी किती?

आणखी एक गोष्ट रायगडकरांना सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. हजारो खांब आडवे झाले, काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. मीटर कितीही हुशार असो, खांबच पडला तर तो मुका होतो. वीज परत आणली ती खांबावर चढणाऱ्या माणसांनी. मीटरवर खर्च करताना खांब, तारा आणि माणसं विसरली, तर जाळं नुसतं नावाला शहाणं होईल.

मग गावानं काय मागावं? याच वर्षी, २०२० च्या अखेरीस, केंद्रानं वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. सेवेतली जी त्रुटी दुरून मोजता येते, तिची भरपाई ग्राहकानं अर्ज न करता आपोआप मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. आता विचार करा. किती युनिट वापरले याची साक्ष मीटर देतो, आणि ती बिलात लगेच मानली जाते. किती तास लाइट नव्हती याचीही साक्ष तोच मीटर देऊ शकतो. ती मानली जाते का? आपल्या डीपीवर गेल्या महिन्यात किती वेळ वीज गेली आणि किती गळती झाली, हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लागू नये?

विनोबा विज्ञान नाकारणारे नव्हते; त्याला आत्मज्ञानाची जोड हवी, असं ते सांगत. आमची मागणी त्याहून फार साधी आहे. १९९९ नंतर गळती उघडी पडली ती सुनावणीत, लोकांसमोर. मीटर बदलले म्हणून ती रीत बदलू नये. कंपनीला जे दिसतं, ते गावालाही दिसू द्या.