नाटकातली मालवणी, घरातली मालवणी

पाचवीत होतो. बाईंनी विचारलं, काल शाळेत का नाही आलास? माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘बाई, माका बरा नाय होता.’ अख्खा वर्ग हसला. बाईपण हसल्या. त्यात कुणाच्या मनात वाईट काही नसावं. पण त्या दिवसानंतर घराच्या उंबऱ्याबाहेर मी मालवणी बोललो नाही.

गंमत बघा, त्याच आठवड्यात आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ‘वस्त्रहरण’ची कॅसेट लागली होती. आजोबा गिरणीतले. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तात्या सरपंचाचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होतं, तरी दर वेळी ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. शेजारचे घाटावरचे काका येऊन बसायचे, तेही हसायचे. वर्गात मला लाज आणणारी भाषा इथे सगळ्यांना हवीशी होती. हे कसं, ते कळायला मला खूप वर्षं लागली. कळलं ते मच्छिंद्र कांबळी या माणसाचं काम नीट बघायला लागल्यावर.

मच्छिंद्र कांबळी १९४७ साली जन्मले. गाव मालवण तालुक्यातलं रेवंडी. त्या काळात मुंबईत आलेल्या कोकणी माणसाची ओळख ठरलेली होती. तो गिरणीत, नाहीतर कुणाच्या तरी घरी ‘रामा गडी’. नाटक-सिनेमातही तो त्याच कामाला यायचा. चहाचा ट्रे घेऊन आत यायचं, दोन वाक्यं मालवणी हेल काढून बोलायची, हशा घ्यायचा आणि विंगेत जायचं. मालवणी रंगमंचावर होती, पण पाहुणी म्हणून. आणि हसायचं होतं ते तिलाच.

१९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं आणि हा हिशेब उलटला. गोष्ट साधी. कोकणातल्या एका गावात हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात. प्रयोगाच्या रात्री जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडतं. गावातली भांडणं, मानपान, सरपंचाचा रुबाब हे सगळं महाभारतात घुसतं. पौराणिक थाटाची पुस्तकी मराठी बोलता बोलता पात्रं मध्येच घसरतात आणि आपल्या मालवणीत एकमेकांची आय-माय काढतात. ज्याने दशावतार पाहिलाय त्याला हे ओळखीचं वाटेल. तिथे जत्रेत रात्रभर नाटक चालतं, बांधीव संहिता नसते, बाप्येच बायकांचं काम करतात. राजा भरजरी कपड्यांत बोलता बोलता गावातल्या कुणाला तरी टोला हाणतो.

‘वस्त्रहरण’मध्ये प्रेक्षक नक्की कशाला हसतात, हे मी मोठेपणी लक्ष देऊन पाहिलं. मालवणीला हसत नाहीत. मालवणी माणूस जेव्हा आपली नसलेली भाषा ओढूनताणून बोलायला जातो, तेव्हा तारांबळ उडते. मालवणीत शिरल्यावर तीच माणसं हुशार, हजरजबाबी होतात. म्हणजे माझ्या वर्गात झालं त्याच्या नेमकं उलट.

सुरुवातीला नाटक फारसं चाललं नव्हतं. पु. ल. देशपांड्यांनी ते पाहून मनमोकळी दाद दिली आणि वारं फिरलं. पुढे त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले, नाटक थेट लंडनला जाऊन आलं. तात्या सरपंच म्हटलं की कांबळीच, असं समीकरण झालं. लोक त्यांना ‘मालवणी नटसम्राट’ म्हणायला लागले.

पण नुसता नट एवढं करू शकत नाही. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि तिला गावच्या देवीचं नाव दिलं, ‘भद्रकाली’. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. लालबाग-परळमधल्या हजारो कोकणी घरांत पगार यायचा थांबला. म्हणजे ज्यांच्या भाषेत नाटकं करायची, त्यांचेच खिसे रिकामे होत होते. अशा वेळी निर्माता होणं म्हणजे थिएटरच्या तारखा, जाहिरातीचा खर्च, नटांची नाइट, सेटची गाडी हे सगळं आपल्या अंगावर घेणं.

हा डोलारा टिकण्यात चाकरमान्यांचा मोठा हात होता. मुंबईत गावागावांची मंडळं असतात. शाळेची खोली बांधायची, देवळाचा जीर्णोद्धार करायचा, की मंडळ एखाद्या नाटकाचा अख्खा प्रयोग विकत घेतं आणि तिकिटं आपल्या लोकांत खपवतं. आमच्या मंडळाची तिकिटं आजोबा दारोदार विकायचे. मालवणी नाटक असलं की त्यांना फार बोलावं लागत नसे.

‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘केला तुका झाला माका’ अशी नाटकं कांबळी करत राहिले. ३० सप्टेंबर २००७ रोजी, साठाव्या वर्षी ते गेले.

आता माझी एक तक्रार. या यशाने मालवणीला मुंबईत मान मिळाला, पण एका खोलीत कोंडूनही टाकलं. मालवणी म्हणजे विनोद, मालवणी म्हणजे शिव्या, असं लोकांनी धरलं. ऑफिसात कुणाला कळलं की मी मालवणचा, की लगेच फर्माईश येते, ‘एक शिवी ऐकव ना!’ माझी आजी त्याच भाषेत रडली, त्याच भाषेत तिने आजोबांना शेवटचं पाणी पाजलं, हे त्यांना कसं सांगू?

पण हा दोष कांबळींच्या माथी मारणं मला पटत नाही. त्यांनी दार उघडलं, आत किती शिरायचं ते आपल्यावर होतं. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये कोकणी वाड्यातल्या त्या बोलीने लोकांना घाबरवलं. गवाणकर २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि त्याच ‘भद्रकाली’ने पुढे ‘संगीत देवबाभळी’ रंगमंचावर आणलं. त्यात रखुमाई आणि तुकोबांची आवली एकमेकींशी बोलतात, आणि थिएटरात लोक डोळे पुसतात.

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. काकाचा पाचवीतला नातू फोनवर ‘वस्त्रहरण’ची क्लिप बघत लोळत होता. मी त्याला छापील मराठीत विचारलं, ‘काय पाहतोयस?’ त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि आजीला हाक मारली, ‘आजी गे, ह्यो काको असो कित्याक बोलता?’

सगळे हसले. या वेळी हसणं माझ्या वाट्याला आलं होतं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, ‘सरक मेल्या, माकापण बघूचा हा.’