तिसऱ्या प्रणालीचें साहस

स्मार्टफोनच्या बाजारांत अँड्रॉइड व आयओएस या दोन प्रणालींचें राज्य पक्कें झालें असतां, जुलै २०१३ मध्यें स्पेन देशांत एक तिसरी प्रणाली ग्राहकांपुढें आली. ती मोझिलाची फायरफॉक्स ओएस. ज्या भाषेंत संकेतस्थळें लिहितात, तिच्यांतच फोनचीं सारीं ॲप्स लिहावींत, कोणा एका दुकानदाराचा परवाना लागूं नये, हा तिचा मूळ विचार. तो उदात्त होता यांत संशय नाहीं. ऑगस्ट २०१४ मध्यें भारतांत इंटेक्सनें या प्रणालीचा फोन अवघ्या १,९९९ रुपयांस विकावयास काढला. श्रोत्यांपैकीं कित्येकांस तो आठवत असेल. परंतु स्वस्ताईला भुललेलें गिऱ्हाईक फोन हातीं येतांच व्हॉट्सॲप शोधी, आणि तें अधिकृत रूपांत तेथें नव्हतें. फोन थोडे म्हणून ॲप लिहिणारे येईनात, ॲप्स नाहींत म्हणून फोन खपेनात! या फेऱ्यांतून मायक्रोसॉफ्टसारखी धनाढ्य कंपनीहि सुटली नाहीं. मग मोझिलाची काय कथा? डिसेंबर २०१५ मध्यें तिनें मोबाइल कंपन्यांमार्फत हे फोन विकणें थांबविण्याचें जाहीर केलें.

मात्र प्रणालीची संहिता सर्वांस खुली होती. तिजवरूनच कायओएस घडली, आणि २०१७ सालीं बटणांच्या जिओफोनमधून ती लाखो घरांत शिरली. त्या दोघी बलिष्ठ प्रणालींचें बटणांच्या फोनांकडे फारसें लक्षच नव्हतें. सप्टेंबर २०१८ मध्यें त्या फोनवर व्हॉट्सॲपहि आलें.